चोविसावा चौकोन

नमुन्यापेक्षा लडी किंचित हिरवट होती. रसिकाने दोन्ही सुतं लाइट बॉक्समध्ये शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आधी पांढऱ्या उजेडात, मग पिवळ्या. गिऱ्हाइकाचा नमुना निव्वळ राखाडी होता. तिने रंगवलेली लडीही राखाडीच, पण आत कुठेतरी हिरवा दबा धरून बसलेला. ‘लाल अर्धा मिली वाढवणे,’ तिने वहीत लिहिलं आणि कात्री उचलली.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या या सूत रंगवणाऱ्या कारखान्यात नियम होता. न जुळलेली लडी पुठ्ठ्यावर गुंडाळायची, तिच्या पाठीमागे नंतर जुळलेल्या लडीचा तुकडा टाचायचा, पुठ्ठ्याचा एक कोपरा कापायचा आणि तो खणात टाकायचा. कोपरा कापलेला म्हणजे नापास.

रंगाईचं मशीन चालवणारा कुंडलिक पिशवी घेऊन दारात उभा होता. ठाण्याला खोपटहून गावची एसटी पकडायची होती त्याला. त्याआधी टेंभी नाक्यावरच्या प्रेसमध्ये पिशवीतल्या तेवीस लड्या द्यायच्या होत्या, यंदाच्या शेड कार्डावर, म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवायच्या रंगांच्या तक्त्यावर, चिकटवायला. कार्डावर चौकोन मात्र चोवीस. शेवटचा चौकोन मालक हरिहरकाकांच्या वडिलांनी लॅबमधल्या माणसासाठी राखून ठेवला होता. तिथे कुठल्याही गिऱ्हाइकाचा नमुना नाही, स्वतःच्या मनातला रंग लावायचा. रसिका लॅबमध्ये आल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, तो पांढराच जात होता. समोर नमुना असला की मी जुळवते, नसला की मला काही सुचत नाही, असं ती दर वेळी म्हणे, आणि पुढच्या वर्षी बघू, असंही. आज सकाळी काकांनी न रागावता सांगितलं होतं की यंदाही रिकामा राहिला तर पुढच्या कार्डातून तो चौकोनच काढून टाकतो. तीनपर्यंत कळव.

तीनला वीस मिनिटं होती.

कुंडलिकने तिच्या हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि हसला. “मॅडम, तुमचा पहिला हात जातो तो शेवाळावरच. पार्टीने गुलाबी मागू दे नाहीतर जांभळा, आधी शेवाळ लागणार.”

रसिका कात्री उघडीच धरून थांबली. एका माणसाची थट्टा म्हणजे काही पुरावा नव्हे. तिने खण ओढला आणि सगळे पुठ्ठे टेबलावर ओतले.

निळे, विटकरी, मोतिया, गुलाबी. एकेक पुठ्ठा उलटसुलट करून ती पुढची लडी आणि मागचा तुकडा ताडून पाहू लागली. तीस-चाळीस झाल्यावर तिचा हात मंदावला. प्रत्येक रंग वेगळा होता, पण सरकला होता तो हिरव्याकडेच.

पाण्याचा दोष असेल, तिला आधी वाटलं. पण मधली दोन वर्षं बोअरचं पाणी होतं, नंतर टँकरचं. रंगाची पावडर देणारा व्यापारी दोनदा बदलला होता. दिवे तर गेल्याच दिवाळीला नवे घातले होते. राहिला डोळा. पण डोळाच खराब असता, तर नीट पाहूनही तो हिरवा तिला दिसला नसता. तिला तर तो दर वेळी दिसे, आणि दर वेळी लाल घालून ती तो घालवून टाके.

मी रजेवर असताना तुम्ही केलेल्या लड्या कुठल्या, असं तिने कुंडलिकला विचारलं.

“माझी अब्रू कशाला काढताय?” म्हणत त्याने पिशवी खाली ठेवली आणि ढिगातून सात पुठ्ठे शोधून दिले. दोन तांबूस झालेले, दोन निळसर, एक पार फिका, एक गडद, आणि एकाला तर काय झालं होतं ते त्याचं त्यालाच सांगता येईना. चुका अशाच असतात, रसिकाला वाटलं. वाट फुटेल तिकडे जातात.

तिच्या तशा गेल्या नव्हत्या. पावणेदोनशे पुठ्ठे, आणि अकरा वर्षं सगळे एकाच दिशेला तोंड करून चाललेले. ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. दुसऱ्याच कुणाचं तरी काम पहिल्यांदा हातात आल्यासारखी.

“मग आता यात चूक कुणाची, मॅडम?” कुंडलिकने विचारलं. घड्याळाकडे बघायचं तो विसरला होता.

तिने उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. प्रेसमधून हरिहरकाका बोलत होते, मागे छपाईचं यंत्र धडधडत होतं.

“रसिका, तीन वाजले गं. पांढराच ठेवतो ना?”

टेबलभर कोपरे कापलेले पुठ्ठे पसरले होते. आजच्या पुठ्ठ्याचे चारही कोपरे अजून शाबूत होते. तिने कात्री खणात टाकली आणि खण लोटला.

“नको काका. कुंडलिकदादांबरोबर लडी पाठवतेय.”

काकांनी जपूनच विचारलं, ही कितवी, तिसरी की चौथी? तिची लडी त्याआधी कधी पास होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

“पहिली,” रसिका म्हणाली. “हिच्यात लाल घालणार नाही मी.”