तारादेवीच्या पोटातले जव

"मावशी, पहिला नमस्कार तुमचाच!" संग्रहालय उभारणाऱ्या मृण्मयीने उद्घाटनाला आलेल्या पेमामावशीला हात धरून काचपेटीपाशी नेलं.

तिबेट सोडताना मावशीच्या वडिलांनी पाठीवर आणलेली तारादेवी दिव्यांत झळकत होती. पेटीबाहेर, एका उघड्या बशीत, मूठभर जव होते.

"हे कुठले गं, पोरी?"

"मूर्तीच्या पोटातले! तळाचा पत्रा काढला तर हे निघाले."

मावशीने हात सोडवून घेतला. लामांनी मंत्र म्हणत हेच जव आत भरून तळ बंद केला, तेव्हा कुठे त्या पितळेत देवी आली होती. तळाला हात लावणार नाही, अशी शपथ मूर्ती मागायला आलेल्या या पोरीने मावशीच्याच घरी चहा पिताना घेतली होती.

"करा ना नमस्कार, फोटो काढायचाय."

देवीसाठी आणलेलं पांढरं रेशमी वस्त्र मावशीने बशीवर पांघरलं.

"पितळेला कसला नमस्कार, मॅडम?"