घाबरलेला आवाज

बाजार धडाधड कोसळत होता. लोकांना गुंतवणुकीचा सल्ला देणारी ती सकाळपासून एकेकाची समजूत घालून पार थकली होती. तेवढ्यात शिंपीकाकांचा फोन आला. मशीन चालवून चालवून साठवलेली त्यांची सगळी पुंजी तिनेच गुंतवून दिली होती.

"पोरी, सगळं विकून टाक. आजच्या आज!" त्यांचा आवाज थरथरत होता.

"काका, घाबरून विकाल आणि जन्मभर हळहळाल. मी आहे ना!"

"अगं, पण माझं ऐक तरी..."

"काही ऐकायचं नाही. पंधरा दिवस मला फोनच करायचा नाही."

त्यानंतर काकांचे नऊ फोन आले. त्यांचं नुकसान होऊ द्यायचं नाही, म्हणून तिने मन घट्ट करून एकही उचलला नाही.

सोळाव्या दिवशी बाजार सावरला, तसा तिनेच हौसेने फोन लावला. "काका, सगळं भरून निघालं! वर फायदाही झालाय. आता तरी पटलं ना?"



"बाजार पडला होता, होय? मला कुठे ठाऊक! मी तुझ्या काकूच्या ऑपरेशनसाठी पैसे मागत होतो गं. परवा गेली ती."