फाटकाची घंटा

चित्र वेदीवर चढलं, दोर सुटले आणि चर्चमधल्या साऱ्या बेगीनबायकांनी, भिंतीआडच्या आवारात एकत्र राहणाऱ्या त्या व्रतस्थ बायकांनी, गुडघे टेकले. चित्रात क्रुसावरून उतरवलेला येशू आईच्या मांडीवर पडला होता. अंग हिरवट, तोंड अर्धवट उघडं. फाटक राखणारी दिग्ना तेवढी उभीच राहिली.

"वाक की गं, गुडघे गंजले का तुझे?" शेजारची गोडेले कुजबुजली.

येशूची डावी भुवई मधोमध दुभंगलेली होती. लहानपणी भांडणात दिग्नानेच लाकडी जोडा फेकून मारला होता, त्याची ती खूण. तो तिचा धाकटा भाऊ होता, गोमार.

बायका पांगल्यावर तिने चित्रकाराला गाठलं. "मास्तर, हे प्रेत कुणाचं?"

"बेवारशी होतं, बाई. मागच्या हिवाळ्यात तुमच्याच भिंतीपलीकडे, कालव्याकाठी सापडलं. खड्डा खणणाऱ्यांना बिअर पाजली, तेव्हा कुठे ते बघून चित्र काढायला दुपारभर माझ्या वाट्याला आलं." योस मास्तर आपल्या कामावर खूश होता. "मुठीत पाव गच्च धरलेला. बोटं सोडवताना नाकी नऊ आले."

तो पाव दिग्नाचाच. गोमार तापाने फणफणत फाटकाशी आला होता. "ताई, एक रात्र आत घे," म्हणाला. पण घंटा होऊन गेली होती, आणि घंटेनंतर आवारात पुरुष नको, हा नियम. झरोक्यातून पाव देऊन ती म्हणाली, "सकाळी ये." सकाळी तो नव्हता. गेला असेल बोटीने अँटवर्पला, अशी तिने मनाची समजूत घातली. निरोपही न घेता गेला म्हणून वर्षभर त्याच्यावर रुसूनही बसली. आता त्या रुसव्याची तिला किळस आली.

संध्याकाळची घंटा झाली. आवाराचा कारभार बघणाऱ्या थोरल्या बाई रोजच्यासारख्या फाटकाच्या किल्ल्या घ्यायला चर्चच्या दाराशी आल्या. दिग्नाचे सुजलेले डोळे बघून त्यांना बरं वाटलं.

"रडलीस? चित्र सार्थकी लागलं म्हणायचं." मग त्यांनी रोजचा प्रश्न विचारला. "आत कुणी पुरुष राहिला नाही ना?"

रोज दिग्ना 'कुणी नाही' म्हणायची. आज तिने वेदीवरच्या चित्राकडे वळून पाहिलं.

"एक आहे, बाई," ती म्हणाली आणि किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. "राहू दे त्याला. बाहेर फार गारठा आहे."