सहीचा जीव

विमानतळाच्या कँटीनमध्ये हेमांगी तांडेलच्या मुठीत चहाचा ग्लास फुटला आणि नाकातून रक्ताची धार लागली. विमानाच्या तपासणीवर जिची सही, तिच्या अंगात ते विमान उतरेपर्यंत राहायचं. मानेतली तार त्यासाठीच होती.

तिने कानाला लावलेल्या फोनवर त्या विमानाचा कॅप्टन सांगत होता, उंचीचे आणि वेगाचे काटे ठप्प झालेत, खाली नुसते ढग आहेत. हेमांगीला कळलं. सकाळी विमान धुताना वेग-उंची मोजणाऱ्या हवेच्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. ते काम तिच्याबरोबरच्या जुन्या मेकॅनिकचं, अन्वरभाईंचं, पण त्यांच्या भरवशावर न बघता सही ठोकली होती तिने.

"तार उपटतो, नाहीतर मरशील पोरी," म्हणत समोर बसलेले अन्वरभाई झेपावले. तार गेली तर कॅप्टनला विमानाचं काहीच कळणार नव्हतं; तिने स्टीलचा जग त्यांच्या तोंडावर हाणला. दोन दात फरशीवर पडले. त्यांनी पुन्हा हात घातला, तेव्हा तिने त्यांची बोटं हाडापर्यंत चावली.

"कॅप्टन, माझे कान फुटतायत, म्हणजे तुम्ही फार वेगाने खाली येताय. नाक उचला. अजून. हां, आता श्वास येतोय, असेच उतरा."

सतरा मिनिटांनी तिचे दोन्ही गुडघे काडकन मोडले आणि ती रक्ताळल्या तोंडाने हसली. चाकं धावपट्टीला टेकली होती.