कोरडी धूळ

मुलांनो, डोळे मिटा आणि एक काळी मोटार मनात उभी करा. इतकी काळी आणि इतकी लखलखीत, की तिच्या बॉनेटमध्ये वरचा कडुनिंब पानन्‌पान दिसतोय. दिसला? आता तिच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसलेली मलिका पाहा. वय असेल अकरा. दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत काळेकुट्ट झालेत, तरी स्वारी खुशीत आहे.

हात काळे, कारण चाकं ॲल्युमिनियमची. आपण घरात ज्याला जर्मनची पातेली म्हणतो ना, तोच धातू. ही गोष्ट एकोणीसशे पंच्याऐंशी सालची. तेव्हा चंद्रपुरात तसल्या चाकांची गाडी दुसरी नव्हती. ठेकेदारानं गाडीले पातेले बसवले, म्हणून लोक हसायचे. जर्मन घासलं की आधी काळं निघतं, मागून चमक येते. चाकांच्या अरुंद फटींत मलिकाच्या अब्बांची, गाड्या चमकवणाऱ्या जहीरची, बोटं जात नसत. मलिकाची जात. म्हणून चाकं तिची, रंग त्यांचा.

रंगाच्या बाबतीत जहीरचा कायदा एकच होता. कोरडी धूळ पुसायची नाही. धुळीत दगडाचा चुरा असतो, फडक्याखाली तो रंगाला ओरबाडतो. आधी पाणी सोडायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग ओलं फडकं.

गाडीचे मालक वामनराव, लाकडाचे ठेकेदार. मागल्या वर्षी त्यांनी स्वतःच बॉनेटवरून खांद्यावरचा कोरडा दुपट्टा फिरवला आणि नागपूरच्या मोटारींच्या प्रदर्शनात, भर उन्हात, त्यावर कोळिष्टकासारखे ओरखडे उमटलेले दिसले. जहीरच्या हाताची सफाई गेली, असं ते चारचौघांत बोलले. जहीरनं खाली मान घालून ऐकून घेतलं. यंदा पुन्हा तसं झालं, तर गाडी कायमची नागपूरच्या कारागिरांकडे जाणार होती. मग चंद्रपुरात तरी अब्बांवर कोण भरवसा ठेवणार? मलिकाला हे कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

दुपार कलली. गाडी ट्रकवर चढवून, ताडपत्री बांधून यंदाच्या प्रदर्शनासाठी नागपूरला न्यायची होती. तेवढ्यात जवळच्या खाणीचा भोंगा वाजला. भोंग्यामागून सुरुंग उडतो आणि सुरुंगामागून धूळ येते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जहीर चादर घेऊन धावला. दुसरं टोक मलिकानं धरलं. आणि नेमकी त्याच वेळी वामनरावांची जीप अंगणात शिरली. सोबत मूल गावचे दोन पाहुणे, खास गाडी पाहायला आलेले. वामनरावांनी दुरूनच हात हलवून चादर काढायला सांगितली.

"मालक, भोंगा झाला," जहीर म्हणाला.

"झाला तं झाला. पाहुणे नवरी पाह्यले आले अन् तू पदर ओढून राह्यला?"

पाहुणे हसले. चादर खाली आली.

पायाखालची जमीन हादरली. आवाज विरला, पाखरं परत झाडावर बसली, आणि मग करडी धूळ अगदी सावकाश उतरू लागली. बॉनेटमधला कडुनिंब पुसट झाला. मग दिसेनासाच झाला.

पाहुण्यांपुढे वामनराव ओशाळले. त्यांनी खांद्यावरचा पांढराशुभ्र दुपट्टा काढला. त्या मुलुखाची रीतच ती. पाहुणा आला की खाट असो की खुर्ची, यजमान आधी दुपट्ट्यानं पुसणार, मग बसा म्हणणार. हाताला तेच वळण. दुपट्ट्याची घडी करून ते बॉनेटवर वाकले.

"मालक..." जहीर म्हणाला, आणि थांबला. मलिकानं ते पाहिलं. मागल्या वर्षीही अब्बा एवढंच बोलले होते.

दुपट्टा बॉनेटपासून वीतभर राहिला.

मलिका पुढे झाली आणि आपल्या काळ्या हातांनी तिनं तो गच्च धरला.

पांढऱ्या कापडावर तिचं बोटन्‌बोट उमटलं होतं.

"कोनाची पोरगी हे?" वामनरावांनी हळूच विचारलं. मोठी माणसं असं हळू विचारतात तेव्हा ती किती रागावलेली असतात, ते तुम्हांला माहीत आहे.

"माही," जहीर म्हणाला. तो पुढे आला आणि मुलीच्या बाजूला उभा राहिला. "बराबर धरलं तिनं, मालक. मागच्या खेपेस मी नाई धरलं."

वामनराव त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी दुपट्ट्याकडे पाहिलं. तो आता काहीही पुसण्याच्या कामाचा राहिला नव्हता.

आणि मलिका? तिनं बादलीतल्या स्वच्छ पाण्याचा तांब्या भरला आणि बॉनेटच्या वरच्या कडेनं धार सोडली. मग दुसरा तांब्या, मग आणखी एक. धूळ ओघळत खाली गेली. कडुनिंब परत आला. मग ती नळावर गेली, साबण घेऊन तिनं एकेक बोट चोळून धुतलं, दोरीवरचं मऊ फडकं भिजवलं, पिळलं. तोवर ती चार मोठी माणसं तिथंच थांबली होती.

ती आली आणि तिनं ते फडकं वामनरावांपुढे धरलं.

"आता पुसा."