हलू नका!

सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई बघत बघत पोटातल्या गाठीचा तुकडा काढण्यात आमच्या डॉक्टरसरांचा हात धरणारं कुणी नाही, आणि पेशंटवर खेकसण्यातही नाही. टेबलावर कुणी जरा चुळबुळलं, की "हलू नका म्हटलं ना! कान घरी ठेवून आलात का?" सुरू. पेशंट रडकुंडीला यायचे. त्यांच्या हातात सुई देणारी सिस्टर मी. मला मात्र ते ओरडणं ऐकून हायसं वाटायचं. कारण पडद्यावर काही वाईट दिसलं, की सरांचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ व्हायचा.

आज त्या टेबलावर मीच होते. पोटावर गार जेली, तिच्यावर फिरता फिरता एका जागी थांबलेला सोनोग्राफीचा प्रोब. पडद्याचं तोंड सरांकडे, आणि सर गप्प. बाहेर बाकड्यावर लेक माझी पर्स छातीशी धरून बसली होती.

सुई अजून ट्रेमध्येच होती. मी मुद्दाम हलले. काही नाही. मग कूस बदलावी तशी चांगलीच वळले, प्रोब पार घसरला.

"ओरडा ना, सर," मी म्हणाले. "पाया पडते तुमच्या, एकदाच ओरडा."

सरांनी प्रोब पुन्हा अलगद टेकवला.

 

"हला हो ताई, खुशाल हला. आपल्याला कुठं घाई आहे?"