तीनशे पोती

"मोजली का रे सुग्रीव?" इंजिनिअर साहेबांनी पुलावरून आवाज दिला.

"तीनशे हायत साहेब. वाळूनं टच्च."

धारूरच्या रस्त्यावरचा हा निजामाच्या वक्ताचा दगडी पूल. तीन कमानी. मधलीला भेग गेली, तशी महिन्यापासून एसटी बंद. आता पंधरा टन वजन एक दिवस एक रात्र पुलावर ठेवायचं. पेललं तर एसटी चालू, न्हाईतर कायमची बंद.

पोती भरायचं काम सुग्रीवकडं. त्याची पोरगी शिवांजली दहावीला, शाळा धारूरला. बायकोनं आधीच सांगितलं होतं, "एसटी बंद झाली तर यंदाच पोरीचं लगीन उरकून टाकू."

म्हणून सुग्रीवनं कडेची पोती वाळूनं भरली, मधल्या पोत्यांत भुसा कोंबला. एवढा दणकट पूल, तो काय पडतोय? उगं सरकारला निमित्त कशाला द्यायचं?

कमानीखाली मुनव्वर गवंडी बसला होता. भेगेवर काचेच्या पट्ट्या सिमेंटनं चिकटवायच्या अन् राखत बसायचं, हे त्याचं काम. दगड केसभर जरी सरकला तरी काच तडकणार.

"पूल अंगावर पडला तर बे?" सुग्रीव वाकून म्हणाला.

"माझ्या आज्यानं घडवलेले दगड हायत. माझ्यावर पडायला लाजतील."

दुसऱ्या दिवशी साहेब खाली उतरले. बॅटरी मारून एकेक काच बघितली. सगळ्या अख्ख्या. "पास!" म्हणाले, अन् एसटीडी बूथवरून बीडला कळवूनही टाकलं. पोती सुग्रीवनंच उतरवून घेतली.

सोमवारी सकाळी पहिली एसटी निघाली. माणसं दारात लटकलेली. दोघं दोस्त काठावर बसून बघत होते. शिवांजलीनं खिडकीतून हात हलवला.

सुग्रीवच्या पोटात आता गुपित मावंना. "मुनव्वर, एक सांगू? कुणाला बोलू नको. निम्म्या पोत्यांत भुसा व्हता."

मुनव्वर उठून उभा राहिला. "भुसा?"

"पोरीसाठी केलं बे. पूल तर पास झालाच की!"

एसटी मधल्या कमानीवर आली.

"सुग्रीव, त्या रात्री काच फुटलती," मुनव्वर म्हणाला. "मला वाटलं, पंधरा टन वाळूनं फुटली, एसटी तर त्याहून हलकी, तिनं काय व्हतंय. मीच गुपचूप दुसरी बसवली. तुझ्या पोरीसाठीच."